बुडणारं माणूस ओरडतं म्हणे

ओल्या केसांना विहिरीच्या पाण्याचा वास वेगळा येतो आणि नदीच्या पाण्याचा वेगळा. विहिरीचं पाणी केसांत गार दगडाचा, किंचित तांब्याचा वास ठेवून जातं. नदीचं पाणी मात्र शेवाळ, वाळू, काठावरच्या लव्हाळ्याचा तुरट हिरवेपणा आणि कुठून कुठून वाहत आलेल्या मुलखांचा अनामिक दरवळ बरोबर घेऊन येतं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी चुलीपाशी शेकत बसले असताना मला हा दुसरा वास आला. शेजारी माझी वहिनी भाकरी थापत होती. तिचे केस पंच्यात घट्ट गुंडाळलेले होते, आणि त्या दिवशी आमच्या घरातलं कुणीही अजून नदीवर गेलेलं नव्हतं. मी पुन्हा एकदा श्वास ओढून घेतला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, पंच्याचं टोक आणखी आत खोचलं आणि भाकरी तव्यावर टाकली. त्या टोक खोचण्यानेच माझ्या मनात संशय जागा झाला.

सांगलीपासून काही कोसांवर, कृष्णेच्या काठी आमचं गाव होतं. आम्ही जैन, शेती करणारे. ऊस आणि हळद ही घरची पिकं. वडील माझ्या लहानपणीच वारले होते. थोरला भाऊ, ज्याला सारे अण्णा म्हणत, सांगलीच्या पेठेत हळदीच्या व्यापारात होता आणि बाजार उरकून आठवड्याला घरी येई. घरावर राज्य आईचं. कर्नाटकचा वारा आमच्या बोलीत खेळत असल्यामुळे आईला आम्ही अव्वा म्हणायचो. आणि सुमतीवहिनी आली होती नदीच्या वरच्या अंगाहून, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून. नदी तीच, पण तिचं माहेर इंग्रजी मुलखात आणि आमचं घर संस्थानात. त्या काळात हा भेद फार मोठा होता. बेचाळीसनंतरची ती वर्षं! पलीकडच्या उसात माणसं लपतात, रात्रीतून काठ बदलतात, अशी कुजबुज प्रत्येक ओसरीवर होती. पोलीस येत, घाटावर उभे राहत, ‘इथून पोहून कोण जातं?’ असं विचारत, आणि सारं गाव एकमुखानं सांगे की इथं कुणाला पोहताच येत नाही. अशा दिवसांत ज्या बाईच्या केसांना पहाटे नदीचा वास येतो, तिच्याविषयी काय समजावं?

खरं सांगायचं तर नदीविषयी आमच्या गावात ज्ञान उदंड होतं आणि अनुभव फार थोडा. घाटाच्या खालच्या अंगाला, वळणावर एक काळाभोर डोह होता. त्यात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, राहतात, त्या पोहणाऱ्याचा पाय धरून ओढतात, हे पोराबाळांनाही ठाऊक होतं. घाटावर मात्र कधी कुणी बुडणार नाही, कारण तिथं पाणी पवित्र आणि माणसांचा राबता, हेही तितकंच ठाऊक होतं. बुडणारं माणूस तीनदा वर येतं आणि तीनदा हाक मारतं. पाण्याला जो भीत नाही त्याला पाणी काही करत नाही. पोहणं शिकवावं लागत नाही, ढकलून दिलं की आपोआप येतं. आणि नदीकाठी जन्मलेल्या पुरुषाला तर ते उपजतच असतं. ही सगळी वचनं आमच्या शेजारच्या शांताक्काच्या तोंडी असत. शांताक्का मायाळू बाई, कुणाच्याही बाळंतपणाला धावून जाणारी. तिचा आवाज असा काही ठाम की तिनं सांगितलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची म्हणजे सूर्याच्या उगवण्यावर शंका घेण्यासारखं वाटे. पण मी मुळातच संशयी. मराठी सात इयत्ता शिकले होते, आणि शिक्षणानं मला दुसरं काही दिलं नसलं तरी प्रत्येक गोष्टीकडे डोळे बारीक करून पाहण्याची खोड तेवढी दिली होती. मला शांताक्काच्या आसराही संशयास्पद वाटत आणि वहिनीचा पंचाही.

म्हणून एका पहाटे मी तिच्या मागोमाग गेले.

धुकं एवढं होतं की पुढं चालणारी वहिनी म्हणजे केवळ एक दाट सावली. ती घाटावर गेली नाही. घाटाच्या वरच्या बाजूला, जिथं करंजाची झाडं पाण्यावर वाकली होती, तिथं ती थांबली. मी एका खोडामागे उभी राहिले. आता पलीकडून कुणीतरी शीळ घालील, एखादी होडी येईल, निदान पदरातून भाकऱ्यांचं गाठोडं तरी निघेल, अशी माझी खात्री होती. वहिनीनं जुन्या लुगड्याचा काष्टा घट्ट कसला आणि कसलाही आवाज न करता ती पाण्यात शिरली. हिवाळ्यातली कृष्णा पहाटे हवेपेक्षा उबदार असते. पाण्यावरून वाफेचे पांढरे पदर उठत होते आणि त्यांच्यातून तिचं काळं डोकं सावकाश पुढं सरकत होतं. ती पार मध्यावर गेली. तिथं ती उलटी झाली आणि पाठीवर, हात पसरून, पाण्यावर नुसती पडून राहिली. आभाळ उजळू लागलं. एक खंड्या तिच्यावरून उडत गेला. ती हलली नाही. काही वेळानं परत आली, केस पिळले, कोरडं लुगडं नेसली आणि घराकडे निघाली.

एवढंच? मला फसवल्यासारखं वाटलं! ना कुणी भूमिगत, ना कुणी परपुरुष, ना निरोप. एक बाई पहाटे उठून नदीच्या मध्यावर जाते आणि आभाळाकडे बघत पडून राहते, याला काय म्हणायचं? आज इतक्या वर्षांनी वाटतं, की तिच्या त्या जाण्यामागं एखादं पाप सापडलं असतं तर आम्ही सगळे अधिक निर्धास्त झालो असतो. पापाला कारण असतं, नाव असतं, प्रायश्चित्त असतं. पण कुणालाही न सांगता, कुणाचंही न घेता, स्वतःपुरती सुखी होणारी बाई? तिचं कोडं सुटत नाही, आणि न सुटणाऱ्या कोड्याइतकं संशयास्पद जगात दुसरं काय असतं?

मी कुणाला काही बोलले नाही. तरी बातमी फुटलीच. शांताक्काच्या नवऱ्यानं तिला मळ्याकडून पाहिलं होतं. त्या दुपारी शांताक्का आमच्या सोप्यात येऊन बसली आणि अव्वाच्या कानाशी लागून, पण साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अक्का, रागावू नगा. पन बाईमानसाच्या पोटात त्यो नदीचा गारठा शिरला की कूस थिजती. लगीन हून किती वरसं झाली सुमतीला? पाळना हालंना झालाय, त्यो उगंच न्हाई.”

अव्वाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ती पाणी गाळत होती. आमच्या घरात गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब कुणाच्या तोंडी जात नसे. गाळलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव फडक्यावर राहिले, की त्याच पाण्यानं फडकं धुऊन ते पाणी अव्वा हलक्या हातानं जिथलं तिथं परत सोडून येई. त्याला जिवाणी म्हणत. एवढ्या अहिंसेनं वागणाऱ्या बाईच्या सुनेनं पाण्यात हातपाय आपटावेत? त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आतलं जेवण उरकल्यावर, अव्वानं वहिनीला समोर बसवलं.

“माहेरी काय केलं असशील त्ये तिकडं,” अव्वा म्हणाली. “हितं पान्यात उतरायचं न्हाई. किती जीव असत्यात पान्यात, ठावं हाय का तुला?”

“आत्याबाई, मी हळूच जाते,” वहिनी म्हणाली. “पाय सुदीक वाजवत न्हाई.”

“वाजवत न्हाईस, म्हंजे चोरून जातीस.”

 त्या दिवसानंतर वहिनीच्या केसांना फक्त विहिरीचा वास येऊ लागला. तिच्या वागण्यात काही फरक पडला का? भाकऱ्या तशाच गोल होत्या, शेणगोठा तसाच चोख होता. फक्त घाटावर धुणं धुताना ती पाण्याकडे पाठ करून बसू लागली. आणि अण्णा आला की अव्वा आणि तो खालच्या आवाजात बोलत, तेव्हा वहिनी परसात निघून जाई. दुसऱ्या लग्नाचा विषय होता, हे मला भिंतीआडूनही कळत होतं. अण्णा ‘बघू’ म्हणायचा. त्या एका शब्दावर ती बाई महिनोन् महिने लोंबकळत होती.

मग पावसाळा गेला आणि आश्विन आला. पूर ओसरला होता, पण नदी अजून भरात होती, गढूळपणा खाली बसून पाण्याला जडसर हिरवी झाक आली होती. दिवाळीआधी घरोघरच्या वाकळा-गोधड्या धुवायच्या, म्हणून सारा घाट बायकांनी फुलला होता. ओली वाकळ म्हणजे काय वजन असतं ते जिनं उचललंय तिलाच ठाऊक. अव्वा वरच्या पायरीवर पिळलेली धुणी रचत होती. शांताक्का माझ्या शेजारीच वाकळ बडवत, सासरहून आलेल्या आपल्या लेकीची तक्रार सांगत होती. वहिनी पलीकडच्या टोकाला, पाण्याकडे पाठ करून. माझी अजून पुरती न भिजलेली वाकळ हातून सुटली आणि हळूच पाण्यावर तरंगत पुढं गेली. मी तिच्यामागं एक पायरी उतरले. आणखी एक उतरले. पुरानं त्या पायरीपुढची वाळू खरवडून नेली आहे, हे कुणाला ठाऊक होतं? घाटावर कुणी बुडत नाही, हे मात्र मला ठाऊक होतं!

पाय शेवाळावरून सरकला आणि खाली काहीच नव्हतं.

ते कसं असतं, ते सांगण्याचा मी आजवर अनेकदा प्रयत्न केला आहे, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत दर वेळी अविश्वास पाहिला आहे. माणसाला वाटतं की बुडणं म्हणजे आकांत, म्हणजे हवेत उंचावलेले हात, म्हणजे काळीज चिरणारी किंकाळी. तसं काहीही नसतं हो! तोंड पाण्याबाहेर येतं ते केवळ निमिषभर, आणि त्या निमिषात देह फक्त हवा मागतो. हाकेसाठी लागणारा श्वास उरलेलाच नसतो. हात उंच होत नाहीत, ते आपोआप दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतात, जणू पाण्याची शिडी करून चढावं. मला शांताक्का दिसत होती. तिच्या नाकातली मोरणी दिसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि लेकीची गोष्ट पुढं सांगू लागली. मी तिच्याकडे पाहत होते, आणि माझ्या डोळ्यांत काय होतं ते तिला दिसत नव्हतं, कारण मी ओरडत नव्हते. पाणी वर आलं. पुन्हा खाली गेलं. कानांत नदीचा एक मंद, अगाध असा घुमारा भरला, आणि घाटावरचे सारे आवाज, धोपटण्यांचे, हसण्याचे, बांगड्यांचे, कुठंतरी दूरच्या गावात चालल्यासारखे झाले. इतक्या माणसांच्या मधोमध माणूस इतकं एकटं असू शकतं?

मग कुणीतरी मला धरलं. मी वेड्यासारखी तिच्या गळ्यात मिठी घातली, तिच्या खांद्यावर चढायला लागले. भीतीला नातं कळत नाही, तिला फक्त उंची हवी असते. आणि जिनं मला धरलं होतं ती, मला घेऊन, मुद्दाम खाली गेली. खोल, अंधाऱ्या हिरव्या पाण्यात. माझे हात आपोआप सुटले, कारण मला वर जायचं होतं. हात सुटताक्षणी ती माझ्या पाठीमागं आली, माझी वेणी मुळाशी धरली, माझं तोंड आभाळाकडे केलं, आणि मला ओढत घाटाला लावलं.

पायरीवर मी ओकत पडले होते आणि माझ्याभोवती कल्लोळ माजला होता. आता कल्लोळ! कुणी म्हणत होतं हिला उलटी टांगा, कुणी म्हणत होतं कुंभाराच्या चाकावर घालून फिरवा, म्हणजे पोटातलं पाणी पडेल. वहिनी धापा टाकत, भिजलेल्या लुगड्यानिशी माझ्यावर वाकून उभी राहिली आणि तिनं कुणालाच हात लावू दिला नाही. “निजू द्या तिला कुशीवर. फिरवू नगा. वन्सं, खोका. अजून खोका.” तिच्या गळ्यावर माझ्या नखांचे लाल ओरखडे होते.

आणि तरीही! संध्याकाळपर्यंत गावात एक वेगळीच हकीकत फिरू लागली. ती कुणी रचली नव्हती, लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी काय पाहिलं? दोघी पाण्यात झोंबत होत्या. सून नणंदेला धरून खाली गेली. मग तिनं तिचे केस धरले. यातला एक शब्द खोटा नव्हता. मी पाण्याशी झुंजत होते ते कुणी पाहिलं नव्हतं, कारण त्यात पाहण्यासारखं, ऐकण्यासारखं काही नव्हतं. माझं धोपटणं थांबलं म्हणून एकट्या वहिनीनं वळून पाहिलं होतं. तिनं उडी घेतल्यावर खळबळ झाली, तेव्हा साऱ्यांच्या माना वळल्या. मग ज्यांच्या पाहण्याची सुरुवातच तिथून झाली, त्यांना दुसरं काय दिसणार?

अण्णाला सांगलीला निरोप गेला. तो आला तेव्हा मी अंथरुणात होते, अंगात ताप आणि घशातून आवाज फुटत नव्हता. सोप्यात अव्वा, अण्णा, शांताक्का. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी.

“मी म्हनत न्हाई की तिनं मुद्दाम केलं,” शांताक्का म्हणत होती. तिचा आवाज प्रथमच थोडा कापत होता. “पन मी शेजारीच हुते की. पोरगी बुडत असती तर वरडली नसती? बुडनारं मानूस वरडतं, अण्णा. ही खेळत हुती पान्यात. मला बघून हासली सुदीक. मग सुमतीनं उडी घेतली, आन् तिला धरून खाली गेली. ह्या डोळ्यांनी बघितलं.”

मी भिंतीला धरून उठले. सोप्यात येऊन उभी राहिले. माझा घोगरा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

“मी हासले न्हाई, शांताक्का,” मी म्हणाले. “मी श्वास घेत हुते.”

 शांताक्कानं पदर तोंडाला लावला. मग अव्वानं विचारलं, माझ्याकडे न बघता, अगदी हळू. “तू वरडली का न्हाईस?”

“वरडता येत नव्हतं, अव्वा. तोंड वर यायचं तवा पयला श्वासच घ्यावा लागायचा.”

“मी वरच्या पायरीवर हुते,” अव्वा म्हणाली. “पाठ केली हुती नुसती.”  आपल्या कानांवर तिचा किती विश्वास होता! गोठ्यातल्या वासराचा श्वास बदलला तरी तिला जाग येई. आणि पोटची पोर हाताच्या अंतरावर मरत होती, तेव्हा तिच्या कानांनी काहीच कसं सांगितलं नाही?

शांताक्का चाचरत म्हणाली, “घाबरलेल्या पोरीला काय सुदरतंय...”

तेव्हा अण्णा बोलला. तो माझा भाऊ, धिप्पाड, गावातल्या तालमीत घुमलेला, ज्याच्याविषयी अख्खं गाव धरून चाललं होतं की हा पूर आला तरी पार करील. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “अव्वा, मला पोहता येत न्हाई.”

“काय?”

“न्हाई येत. ल्हान हुतो तवा काकांनी हिरीत ढकललं. म्हनले, आपोआप येतंय. आलं न्हाई. चौघांनी वर काढलं मला. तवापास्नं मी पान्याजवळ जात न्हाई, आन् कुनाला सांगत बी न्हाई. नदीकाठचा गडी, कसं सांगनार?” त्यानं मान वर केली आणि उंबऱ्याकडे बघितलं. “काल मी घाटावर असतो तरी काय उपेग झाला नसता. घरात एकीला येतंय. तिला आपन बंद केलं. आता दुसऱ्या लग्नाचं पुन्हा काढायचं न्हाई.”

त्यानंतर तो उठून बाहेर गेला, कारण एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. वहिनी उंबऱ्याशी तशीच उभी होती. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. चुलीवर दूध उतू जात होतं, ते काढायला ती आत गेली.

अव्वानं मात्र त्या दिवशी काहीच म्हटलं नाही. बंदी उठवली नाही आणि पुन्हा घातलीही नाही. त्या मौनाच्या आडोशानं, ताप उतरल्यावर, वहिनीनं मला शिकवायला घेतलं. करंजाच्या झाडांखाली, पहाटे, माझ्या पाठीला सुका भोपळा बांधून. मी पाण्याला पाय लावताच थरथरायची. “भ्या वाटतंय का? वाटू दे,” वहिनी म्हणायची. “मला बी वाटतं. भ्या सोडायचं न्हाई, सांगातीला घ्यायचं.” आणि तिचेही काही पक्के समज होतेच बरं! शिळ्या भाकरीचा तुकडा खाऊन पाण्यात उतरलं तर पोटात गोळा येऊन माणूस तळाला जातं, यावर तिची अढळ श्रद्धा होती, आणि मला ती अन्नाचा कण तोंडात घालू देत नसे. भुकेनं माझे पाय गळायचे. एकदा मी चोरून गुळाचा खडा खाऊन गेले, बुडाले नाही, आणि तिला सांगितलं नाही. तिचा विश्वास मोडायचा मला अधिकार काय?

कार्तिक सरला. चातुर्मास संपला की आमच्याकडे लग्नाची बोलणी सुरू होत. वाळव्याकडून मला बघायला माणसं आली, चांगली बागायतदार. मुलाचे वडील शांत वाटले, आई मात्र आल्यापासून माझ्या केसांकडे बघत होती. चहा झाला, शिवण-टिपण विचारून झालं, आणि मग त्या बाईंनी कप खाली ठेवून अव्वाला विचारलं, “आमच्या कानावर आलंय, मुलगी नदीत पोहायला जाती म्हने. खरं का वो?”

 आतल्या दाराशी वहिनीच्या बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या. अण्णानं माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं, अव्वा नाही म्हणू शकत नव्हती. तिनं आयुष्यात कधी असत्य उच्चारलं नव्हतं, ते तिचं व्रत होतं. पण ‘मला ठाऊक नाही’ म्हणून ती सुटू शकली असती. तेही खरंच ठरलं असतं, कारण तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

अव्वानं पदर सावरला.

“व्हय,” ती म्हणाली. “माझी सून शिकवती तिला. मीच सांगितलंय.”

त्या बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. थोडं इकडचं तिकडचं बोलून मंडळी उठली. त्यांच्याकडून पुढं काही कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. यथावकाश माझं लग्न साताऱ्याला, एका शाळामास्तरांशी झालं. त्यांनी मला बघायला आल्यावर कसलाच प्रश्न विचारला नव्हता. वहिनीला पुढं काही वर्षांनी मुलगी झाली. शांताक्का साऱ्या गावाला सांगत सुटली की बघा, सुमतीनं पाण्यात जाणं सोडलं आणि कूस उजवली. वहिनीनं पुन्हा सुरू केल्यापासून एक दिवसही सोडलं नव्हतं. सातव्या महिन्यापर्यंत ती करंजाखाली जात होती! पण शांताक्काला कुणी दुरुस्त केलं नाही. समज असे पुराव्यानं मरत नाहीत, ते स्वतःला हवा तो पुरावा शोधून काढतात. बाळंतपणात मात्र शांताक्काच रात्रभर वहिनीच्या उशाशी बसली होती, हेही सांगायला हवं.

पण मला सांगायची आहे ती पाहुणे गेल्यानंतरची पहाट. अजून तांबडंही फुटलं नव्हतं. वहिनी आणि मी नेहमीप्रमाणे पावलांचा आवाज न करता मागच्या दारापाशी आलो, तर दारात अव्वा उभी. अंगावर घोंगडी, हातात आमची कोरडी लुगडी. आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो.

“काल मी एक शब्द बोलून बसलेय,” अव्वा म्हणाली. “मीच सांगितलंय म्हनाले. सांगितलं तर न्हवतं कवा.” मग वहिनीकडे वळून, एखादं काम नेमून द्यावं तशा आवाजात, “सुमती, हिला पोहायला शिकव.”

“व्हय, आत्याबाई,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज मात्र चिरकला.

अव्वा आमच्यामागून काठापर्यंत आली. एका मुळावर घोंगडी अंथरून बसली. आम्ही पाण्यात उतरण्याआधी ती हात जोडून काहीतरी पुटपुटली. बहुधा त्या अगणित जीवांची क्षमा मागितली असावी, ज्यांना आम्ही आता धक्का देणार होतो. वाफेच्या पदरांतून आम्ही आत गेलो. वहिनी पुढं, मी मागं. मध्यावर पोचल्यावर मी प्रथमच धीर करून उलटी झाले, हात पसरले, आणि पाण्यानं मला धरलं. तरीही मला पाण्याचा भरवसा वाटला नाही. आजही वाटत नाही. त्याचा वाटूच नये, असं माझं मत आहे.

मान किंचित वळवून मी काठाकडे पाहिलं. अव्वा ताठ बसली होती, तोंडावर तोच जुना, कठोर संशय. मागच्या वाटेवरून गावातली दोन माणसं बोलत गेली, त्यांनी तिला हाक मारली असावी. तिनं मान वळवली नाही. तिचे डोळे आमच्या दोन डोक्यांवर खिळले होते, आणि आमच्या भोवतीचं एवढं संथ, एवढं निःशब्द पाणी ती निरखत होती.